जमिनीचा जामीन : खरेदीखताच्या भाषेचा एक इतिहास

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण शिलालेख, ताम्रपट, महजर आणि बखरी यांच्यापाशी काही काळ थांबतो आणि तेथून थेट मुद्रित ग्रंथांकडे वळतो. दस्तऐवजाची भाषा त्यानंतर जणू संपून गेली, असा समज त्यामुळे विद्यार्थ्यांचा होतो. वस्तुस्थिती तशी नाही. आज एखाद्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदले जाणारे शेतजमिनीचे खरेदीखत उघडून पाहावे. गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र आणि आकार यांच्या मागोमाग चतुःसीमा येतात : पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. त्यानंतर ही मिळकत 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त' दिल्याचे लिहिलेले असते. ही शब्दावली शिवकालीन इनामपत्रांतून आलेली आहे आणि तिचे संस्कृत पूर्वज मध्ययुगीन दानलेखांत सापडतात. निधी म्हणजे पुरलेले धन आणि निक्षेप म्हणजे ठेव. एकविसाव्या शतकातला खरेदीदार ठिबकसंचाच्या नळ्यांबरोबर पुरलेले हंडेही विकत घेतो, ही गंमत दस्तलेखकाच्याही ध्यानात येत नसावी.

या दस्तात आणखी एक वाक्य हटकून असते. मिळकत निर्वेध व बोजारहित आहे. तीवर कोणी हक्क सांगितल्यास अथवा हरकत घेतल्यास तिचे निवारण लिहून देणार यांनी स्वखर्चाने करून द्यावयाचे आहे. सवयीमुळे आपण हे वाक्य वाचत नाही, परंतु सगळ्या व्यवहाराचा कणा तेथेच आहे. ही जमीन विकणाऱ्याचीच आहे याची हमी येथे खुद्द विकणारा देतो. सरकार देत नाही. सरकारने मुद्रांकशुल्क घेतलेले असते, अंगठे उठवून घेतलेले असतात, प्रत जपून ठेवलेली असते. पण १९०८ च्या कायद्याने होणारी नोंदणी ही दस्ताची नोंदणी आहे, मालकीची नव्हे. एकाच जमिनीची खरेदीखते दोन निरनिराळ्या माणसांना करून दिल्याचे तंटे न्यायालयांत येत राहतात, त्याचे मूळ येथे आहे.

तेव्हा प्रश्न असा की, जमिनीच्या मालकीला जामीन कोण? या प्रश्नाची उत्तरे आपल्या प्रदेशात काळानुसार बदलत गेली आणि त्या बदलांची खूण दस्तांच्या भाषेत राहिली आहे.

पहिले उत्तर शापाचे. शिलाहार राजा अपरादित्य याचा परळ येथील शके ११०९ (इ. स. ११८७) चा लेख मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि दान मोडणाऱ्याला उद्देशून असलेले शापवचन तेवढे मराठीत. ज्याला धाक घालायचा त्याला समजेल अशी भाषा वापरली पाहिजे, एवढा व्यवहार त्या लेखकाला ठाऊक होता. कोकणात जागोजागी आढळणाऱ्या गद्धेगाळ शिळांवर तर अक्षर न ओळखणाऱ्यासाठी तोच शाप चित्रात कोरलेला आहे. राजा जाईल, वंश बुडेल, पण दगड आणि भय टिकेल, असा हा हिशेब होता.

दुसरे उत्तर गोताचे, आणि ते अधिक रोचक आहे. मराठेशाहीतील जमिनीच्या आणि वतनाच्या तंट्यांत वादी-प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत. तीत घराण्याचा पूर्ववृत्तांत असे. दुष्काळात गाव कसे ओस पडले, कोण कोणत्या मुलखात परागंदा झाला, मागे राहिलेल्या विधवेने शेत कोणाच्या हवाली केले, परत आलेल्या नातवाला भाऊबंदांनी कसे उभे राहू दिले नाही, हे सारे त्यात तपशिलाने येते. करिना म्हणतात तो हाच प्रकार. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्या मालेत आणि तिच्यानंतरच्या साधनसंग्रहांत असे कागद ज्या संख्येने आहेत, ते पाहता सामान्य माणसाने सांगितलेल्या कथेचे आपले सर्वांत मोठे भांडार कज्जेदलालीतून निर्माण झाले, असे म्हणावे लागते. निवाडा गोतसभा करी आणि त्याचा महजर होई. त्यावर हजर मजालसीच्या निशाण्या असत : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार. पुरावा अपुरा पडल्यास दिव्य होई. ही व्यवस्था न्याय्यच होती असे समजण्याचे कारण नाही. गोतात बळ कोणाचे, हे ज्याला माहीत आहे त्याला निवाड्याचा अंदाज आधीच बांधता येत असे. तिचे वैशिष्ट्य इतकेच की, मालकी ही गोष्ट शेजाऱ्यांच्या स्मरणात राहत होती आणि कागद हे त्या स्मरणाचे टिपण होते.

मोजणी नव्हती असे नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या काळच्या काठीचे माप दिलेले आहे : पाच हात आणि पाच मुठी, मिळून ब्याऐंशी तसू, वीस काठ्या लांब-रुंद तो बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. पण शेताची ओळख मापाने होत नसे, नावाने होई. थळझाड्यात शेते आपल्या नावांनी येतात. कोणाच्या नावाचे थळ, कोणते ओढ्याकाठचे, कोणते बुडालेल्या घराण्याचे गतकूळ. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या जमीन धारण केली तो मिरासदार आणि जो येऊन कसत असे तो उपरी. मिरास विकता येत असे. मात्र मिरासपत्र हे गावाच्या साक्षीने व्हावयाचे.

आणि दोन गावांच्या शिवेचा तंटा लागला, तर अखेरचा शब्द गावच्या महाराचा मानला जाई. सीमेची राखण हे त्याचे वतनी काम होते; तो शपथेवर जेथून चालत जाईल ती हद्द. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या पायांवर सगळ्या गावाची हद्द अवलंबून होती. या गोष्टीकडे पुन्हा यावे लागणार आहे.

१८१८ नंतर इंग्रजांनी हे स्मरण बाजूला सारून मापाला मध्यभागी आणले. पहिला प्रयत्न आर. के. प्रिंगल याचा, १८२० च्या दशकाच्या अखेरीस, पुणे भागात. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत घेऊन प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढण्याचा त्याचा खटाटोप होता. मोजणीत लबाडी झाली, आकारणी भलती चढली आणि रयतेने शेते टाकून दिली. त्यानंतर १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी सुरू केली. एका बैलजोडीने कसता येईल इतक्या बेताने जमिनीचे तुकडे पाडून त्यांना सर्व्हे नंबर दिले, जमिनीची प्रत आण्यांत ठरवली आणि तीस वर्षांसाठी आकार कायम केला. साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही शेताचा व्यवहार एकर-गुंठ्यांत बोलला जातो तो या साखळीमुळे.

या पाहणीचे कागद पाहण्यासारखे असतात. टिपण, गुणाकार बुक, फाळणी ही त्यांची नावेच मराठी शाळेच्या पाटीवरून उतरल्यासारखी वाटतात. टिपणात शेताचा कच्चा आकार काढून त्यात रेषा आणि लंब यांची मापे लिहिलेली असतात. ते प्रमाणबद्ध नसते. आकडे खरे, चित्र अंदाजाचे. गुणाकार बुकात त्या मापांवरून क्षेत्र काढलेले असते. शंकू आणि साखळी घेऊन उन्हात हिंडणाऱ्या त्या अनामिक मोजणीदारांचे काम इतके चोख होते की, आजही हद्दीचा वाद विकोपाला गेला की यंत्रे घेऊन आलेला भूकरमापक अखेर जुने टिपण मागतो.

परंतु हे सारे कशासाठी, हे विसरता कामा नये. सरकारला सारा कोणाकडून वसूल करायचा, हे ठरवण्यासाठी. सर्व्हे नंबरापुढे ज्याचे नाव लागले तो सारा देणारा. मिरासदार आणि उपरी यांतला भेद या एका रकान्यात विरून गेला. नाव लागले ते बहुधा घरातील थोरल्याचे. त्याचे भाऊ, चुलत्याची विधवा, विहिरीत चौथाईचा वाटा असलेला शेजारी हे मागे उभे राहिले. गावाला ते माहीत होते. कागदाला माहीत असण्याची सरकारला गरज नव्हती. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये दर तीस वर्षांनी होणाऱ्या पैमाषीवर आणि त्यानिमित्ताने वाढणाऱ्या साऱ्यावर कोरडे ओढले आहेत. मोजणीकडे रयत कोणत्या नजरेने पाहत होती, हे तेथे दिसते.

नाव लागलेली आणि विकता येणारी जमीन सावकाराच्या दृष्टीने उत्तम तारण ठरली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. मे १८७५ मध्ये सुप्याला जमाव उठला तेव्हा त्याने सावकारांच्या घरांतून नेमके काय बाहेर काढून जाळले, तर खते, म्हणजे कागद. शेतकऱ्याला लिपी येत नसली तरी आपली जमीन कोठे अडकली आहे ते त्याने अचूक ओळखले होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुढे अशा व्यवहारांच्या पोटात शिरण्याची मुभा न्यायालयांना मिळाली. खरेदीखत म्हणून लिहिलेला कागद मुळात गहाणखत होता का, हे तपासता येऊ लागले. ही चाल जुनी झालेली नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही सावकाराने बळकावलेली जमीन परत देवविण्याची तरतूद करावी लागली.

येथे थोडे विषयांतर. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनेतील इनामदारांना आपापल्या सनदा घेऊन उभे राहावे लागले. ज्याचा कागद पटला नाही त्याचे इनाम गेले. या सनदा ताडून पाहण्यासाठी पेशव्यांचे दप्तर जतन करणे सरकारला भाग पडले. ज्या रुमालांच्या आधारे आपण मराठ्यांचा इतिहास लिहिला, ते टिकले याचे एक मोठे कारण जमिनीचा हक्क शाबीत करण्याची वा नाकारण्याची गरज हे आहे. इतिहाससंशोधकाचे ऋण कोणाकोणाकडे असते, पाहा!

सारा-पत्रक मालकीला अपुरे पडते हे सरकारच्याही ध्यानात आले आणि १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला. आजचा सातबारा त्याचा वंशज. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. सहा नंबरचा नमुना फेरफाराचा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ ने या नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या धराव्यात असे सांगितले. 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' या तीन शब्दांत सगळी मेख आहे. फेरफार मंजूर झाल्याने मालकी मिळत नाही आणि रद्द झाल्याने जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे. बाजारात मात्र 'सातबारा कोरा आहे' या वाक्यावर लाखो रुपये हातोहात जातात. उताऱ्याकडे आपण महजर म्हणून पाहतो. वस्तुतः तो साऱ्याचा कागद आहे.

सातबारा वाचणे हे एक प्रकारचे पाठचिकित्सेचे काम आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला ते जमायला हरकत नसावी. नावापुढे 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे दिसली, तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून उभा आहे. त्याच्यामागे किती जण आहेत ते उताऱ्यात नाही, जुन्या फेरफारांत आहे. कंस केलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव, पण ते का कमी झाले हे कंस सांगत नाही. सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलका रकाना म्हणजे 'इतर हक्क'. कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, दुसऱ्याची वाट हे सारे तेथे कोंबलेले असते. घरातल्या लेकीही पुष्कळदा याच रकान्यात सापडतात. बाप वारला की मुलगे कब्जेदार सदरी आणि मुली इतर हक्कांत, असा तलाठ्याच्या लेखणीचा प्रघात होता. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिकाचा हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. जमीन विकत घेताना 'बहिणींच्या सह्या' हा जो धसका असतो, तो इतर हक्कांच्या रकान्यात ठेवलेल्या माणसाने आपला हक्क मागितल्याचा धसका आहे. खरेदीदार त्याला अडचण म्हणतो. तो शब्द तपासून घेण्यासारखा आहे.

जमिनीच्या तुकड्यांवर उपाय म्हणून १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. सर्व्हे नंबर आणि हिस्से मोडून गट पाडले गेले. हे काम पुष्कळ गावांत कागदावर एक आणि शिवारात एक असे झाले. नकाशात ज्याला ओढ्याकाठचा गट मिळाला तो माळावर नांगरत राहिला आणि माळाचा मालक ओढ्याकाठी. पहिल्या पिढीला त्याने काही फरक पडला नाही, कारण कोण काय कसतो ते सर्वांना ठाऊक होते. फरक पडला तो जमीन बाहेरच्या माणसाला विकली गेली तेव्हा. त्याने गट नंबर पाहून पैसे मोजले आणि मोजणीला गेल्यावर त्याच्या गटात दुसऱ्याचा ऊस उभा. अशा वेळी न्यायालय सामान्यतः नंबरापेक्षा आणि क्षेत्रापेक्षा चतुःसीमांना अधिक मान देते. दस्तलेखकाने जुन्या दस्तावरून उतरवून काढलेल्या चार ओळी, ज्यांत पूर्वेचा शेजारी केव्हाच वारलेला असतो, त्या अचानक सर्वांत महत्त्वाच्या ठरतात. शिवार आणि कागद यांतली ही उलटापालट शासनानेही मान्य केली आहे : एकाचा ताबा दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत किमान बारा वर्षे असेल, तर हजार रुपये मुद्रांकशुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी घेऊन अदलाबदलीचा दस्त करून देणारी सलोखा योजना जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली.

शहरालगत घेतलेल्या एक-दोन गुंठ्यांची कथा याहून करुण आहे, पण ती आपल्यापैकी अनेकांना जवळून माहीत असल्याने लांबवीत नाही. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यास कायद्याची बंदी, म्हणून पंधरा-वीस खरेदीदारांची नावे एकाच उताऱ्यावर सामाईक लागली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यातील काही वस्त्या नियमित करण्याची वाट काढली. तोवर शिक्षक, कारकून, गिरणीतून निवृत्त झालेला कामगार अशा माणसांची आयुष्यभराची पुंजी त्या सामाईक उताऱ्यात जाऊन बसली होती.

आता त्या हद्द चालणाऱ्या माणसाकडे परत येऊ. गावकीच्या कामाबद्दल महारांना जी जमीन होती तिला हाडकी-हाडोळा म्हणत. १८७४ च्या वतन कायद्याने ती सेवेशी जखडलेली राहिली. अल्पशा जमिनीच्या मोबदल्यात अष्टौप्रहर राबणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या गुलामीवर बोट ठेवण्यासाठी. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. त्यानुसार जमिनी वतनदारांना पुन्हा बहाल झाल्या, पण परवानगीवाचून हस्तांतर न करण्याच्या शर्तीवर. शर्तीमागचा हेतू संरक्षणाचा होता. तरीही शहरे वाढली तशा या जमिनी कुलमुखत्यारपत्रांवर, साठेखतांवर, साध्या मुद्रांकावरच्या करारांवर मातीमोलाने गेल्या. मूळ वतनदाराच्या वारसांची नावे साठ-सत्तर, प्रत्येकाच्या हाती आलेली रक्कम क्षुल्लक आणि उताऱ्यावर 'महार वतन' ही नोंद तशीच. नुसत्या मुखत्यारपत्राने वा साठेखताने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्ध सांगितले. तोपर्यंत अशा कागदांवर इमारती उभ्या राहून त्यांत माणसे राहू लागली होती. ज्याच्या शपथेवर गावाची शीव ठरत होती, त्याच्या स्वतःच्या जमिनीची हद्द सांगायला मात्र कोणी उरले नाही.

मालकीला सरकारनेच जामीन राहावे, ही कल्पना नवी नाही. रॉबर्ट टॉरेन्स याने दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये ती कायद्यात आणली : नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक, आणि नोंद चुकून कोणाचे नुकसान झाल्यास भरपाई सरकारची. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी १९८९ मध्ये नियोजन मंडळाला दिलेल्या अहवालात भारतानेही हा मार्ग धरावा असे प्रतिपादन केले. आंध्र प्रदेशाने तसा कायदा केला आणि २०२४ मध्ये तो रद्दही केला. नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती एवढी सत्ता जाण्याचे भय लोकांना वाटले. ते भय अनाठायी म्हणता येत नाही. इनाम कमिशनपुढे उभे राहिलेल्या माणसांना ते ओळखीचे वाटले असते.

तोवर खरेदीपूर्वी वकील तीस वर्षांचा शोध घेतो आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी तिची सुरुवात असते आणि कोणाचा हक्क, हितसंबंध, वारसा, गहाण, दान, पोटगी वा वहिवाट असल्यास त्याने अमुक दिवसांत लेखी कळवावे, अशी विनंती असते. मुदतीत कोणी आले नाही, तर हक्क सोडून दिला असे समजले जाईल. गोतसभेत जे लोक समोर बसून बोलत, त्यांना आता आतल्या पानावरच्या बारीक टंकात हाक मारली जाते. आणि ज्या चुलतीचा त्या शेतात वाटा आहे तिच्या घरी ते वर्तमानपत्र येत नाही.